मेट्रोचा पैसा कुठून आला आणि बसचा कुठून येतो

नागपुरात 40 लाखांच्या फ्लॅटची रजिस्ट्री केली की मुद्रांक शुल्काच्या हिशेबात एक टक्का अधिभार वेगळा लागतो. लोक त्याला सरळ ‘मेट्रो सेस’ म्हणतात. म्हणजे 40 हजार रुपये गेले, मेट्रोत एकदाही न बसता!

हा मामला समजायला बसपासून सुरुवात करावी लागते. शहर बस पूर्वी एसटी चालवायची, नंतर ती महापालिकेच्या गळ्यात आली. 2005 च्या डिसेंबरात शहरांच्या पायाभूत सुविधांसाठी केंद्राचं नेहरू नागरी अभियान सुरू झालं. नागपूरएवढ्या शहराला त्यात वाटा ठरलेला होता: केंद्र 50 टक्के, राज्य 20, उरलेले 30 महापालिकेचे. बसखरेदीलाही या अभियानातून पैसा मिळाला. पण डिझेल, ड्रायव्हर, दुरुस्ती यांचं काय? गाडी घेऊन द्यायला दिल्ली तयार, ती रोज चालवायला कोणी नाही. ‘आपली बस’ ही शहर बससेवा ठेकेदारांकडे आहे, त्यांना किलोमीटरमागे पैसे द्यावे लागतात. तिकिटातून तेवढे निघत नाहीत, तूट महापालिका भरते.

मेट्रोचं गणित निराळं. ऑगस्ट 2014 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 8,680 कोटींच्या पहिल्या टप्प्याला मंजुरी दिली आणि लगोलग कस्तुरचंद पार्कवर भूमिपूजनही उरकलं. केंद्र व राज्याची निम्मी-निम्मी भागीदारी असलेली कंपनी निघाली. महापालिका आणि नासुप्र (नागपूर सुधार प्रन्यास) यांच्यावरही थोडा वाटा आला. जवळपास निम्मा खर्च कर्जाचा: 2016 मध्ये जर्मनीच्या केएफडब्ल्यू या सरकारी विकास बँकेने 50 कोटी युरो दिले, फ्रान्सच्या एएफडी या विकाससंस्थेने 13 कोटी युरो. वर्धा रोडवर तर एकाच खांबावर खाली महामार्ग प्राधिकरणाचा उड्डाणपूल आणि वर मेट्रो चढवली. दोन सरकारी खिशांतून एक बांधकाम. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत हुशार गोष्ट हीच.

डिसेंबर 2022 मध्ये पहिला टप्पा पूर्ण झाला. कन्हान, बुटीबोरी, हिंगण्याकडे जाणारा दुसरा टप्पा 43.8 किलोमीटरचा, 6,708 कोटींचा. तोही कर्जावरच उभा राहतोय. पण स्टेशनवर उतरून घरापर्यंत जायचं कशाने? बसनेच. नाही तर ऑटोवाल्याशी घासाघीस.

ऑगस्ट 2023 च्या पीएम ई-बस योजनेत केंद्राने पहिल्यांदा बस चालवण्यासाठीही मदत कबूल केली, तीही 10 वर्षांपुरती. अकराव्या वर्षीची तूट पुन्हा महापालिकेच्याच बजेटात दिसेल.