अंगावरच्या खुणांवरून पेशीचं वय

अस्थिमज्जेतल्या कोवळ्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्या की पंचाईत होते. सगळ्या गोल, सगळ्यांचं केंद्रक मोठं. यातली कोणती तांबडी पेशी होणार आणि कोणती जंतूंशी लढणार, हे नुसत्या रूपावरून सांगणं सरावलेल्या डोळ्यांनाही जड जातं. खरा फरक असतो तो आवरणात रोवलेल्या प्रथिनांमध्ये. पेशी वाढते तशी ती बदलत जातात.

१९७५ मध्ये कोहलर आणि मिलस्टाइन या शास्त्रज्ञांनी एकाच लक्ष्याला चिकटणारी अँटीबॉडी (शरीर जंतूंना धरायला बनवतं ते प्रथिन) हवी तेवढी बनवण्याची युक्ती शोधली, आणि ही प्रथिनं हुडकणं शक्य झालं. अँटीबॉडीला चमकणारा रंग जोडायचा आणि पेशी एकामागून एक लेसरसमोरून सोडायच्या. हे काम करणारं यंत्र, फ्लो सायटोमीटर, सेकंदाला हजारो पेशी तपासतो. मग नावांचा घोळ झाला. जो तो आपापलं बारसं करू लागल्यानं एकाच प्रथिनाला अनेक नावं पडली. शेवटी १९८२ मध्ये पॅरिसला ‘सीडी’ आणि पुढे क्रमांक अशी पद्धत ठरली. त्या क्रमांकाचा पेशीच्या वयाशी काडीचा संबंध नाही.

पेशी ही प्रथिनं बाळगते ती स्वतःच्या कामासाठी. आपण त्यांचा फायदा उठवतो इतकंच. सीडी७१ घ्या. रक्तातलं लोह आत ओढणारं हे दार. तांबडी होऊ घातलेली पेशी हिमोग्लोबिन बनवायला लागते, तेव्हा तिला लोहाची प्रचंड भूक असते आणि अंगावर सीडी७१ची दाटी होते. काम संपत आलं की ती ही दारं टाकून देते. तांबड्या पेशीवरचं दुसरं एक प्रथिन, ग्लायकोफोरिन-ए, मात्र अखेरपर्यंत राहतं. दोन्ही दिसली तर पेशी अजून घडते आहे. नुसतं ग्लायकोफोरिन उरलं असेल तर ती पिकलेली.

सीडी३४ची गोष्ट इतकी सरळ नाही. मज्जेतल्या शंभरातल्या एक-दोन पेशींवरच ते असतं आणि रक्ताच्या मूळपेशी, म्हणजे ज्यांच्यापासून रक्तातल्या सगळ्या पेशी घडतात त्या, त्यांच्यातच सापडतात. म्हणून मूळपेशींच्या प्रत्यारोपणाआधी याच पेशी मोजतात; रुग्णाच्या वजनाच्या दर किलोमागे निदान २० लाख तरी लागतात. पण ते रक्तवाहिन्यांच्या अस्तरावरही असतं, आणि प्रौढ उंदराच्या अस्सल मूळपेशींवर जवळपास नसतंच! त्यामुळे एका खुणेवर कुणी विसंबत नाही. सीडी३४ आहे पण सीडी३८ नाही, अशी जोडी लावून बघतात.

बी-पेशी हा जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार. त्यांच्या वाटेवर सीडी१९ लवकर येतं, सीडी२० त्यानंतर. पुढे याच पेशी अँटीबॉडी तयार करणाऱ्या प्लाझ्मा पेशी झाल्या की सीडी२० जातं आणि सीडी१३८ दिसू लागतं. बी-पेशींच्या कर्करोगावरचं रिटुक्सिमॅब हे औषध सीडी२०लाच धरतं. त्यात रोगी पेशींबरोबर निरोगी बी-पेशीही मरतात. पण मूळपेशींवर सीडी२० अजून आलेलं नसतं आणि प्लाझ्मा पेशींवरून ते गेलेलं असतं. म्हणून उपचार थांबल्यावर काही महिन्यांनी मज्जा सहसा नव्या बी-पेशी पाठवू लागते, आणि मधल्या काळात जुन्या प्लाझ्मा पेशींचं अँटीबॉडी बनवणं बरंचसं चालूच राहतं.