'ऑफेन्सिव्ह' म्हणजे दरवेळी अपमानच?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे इंग्रजी शिकणाऱ्या मुलांना एक गोष्ट हमखास सांगितली जाते: 'ऑफेन्सिव्ह' म्हणजे फक्त अपमानकारक, खेळाच्या बातमीत तो वापरणं चूक. हे बरोबर नाही.

हा शब्द ज्या लॅटिन क्रियापदातून आला, त्याचा मूळ अर्थ आदळणं, धडकणं. म्हणून अंगावर चालून जाणारा आणि मनाला लागणारा, हे दोन्ही अर्थ इंग्रजीत शेकडो वर्षं शेजारी नांदताहेत. फुटबॉलमधला ऑफेन्सिव्ह खेळ म्हणजे गोलासाठी पुढे सरसावणारा, आक्रमक खेळ. त्यात घाणेरडं काही नाही. लष्करी भाषेत तर हा शब्द नाम म्हणूनही येतो. ऑगस्ट १९१८ मध्ये मित्रराष्ट्रांनी सुरू केलेली, पहिलं महायुद्ध शेवटाला नेणारी चढाई 'हंड्रेड डेज ऑफेन्सिव्ह' म्हणून ओळखली जाते. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असलेल्या बेळगावात हा अर्थ तरी सगळ्यांना माहीत असायला हवा. 'ऑफेन्सिव्ह स्मेल' म्हणजे किळसवाणा वास, तो आणखी वेगळा.

पडताळा सोपा आहे. त्या जागी 'डिफेन्सिव्ह' घालून बघा. नेमकं उलट अर्थाचं वाक्य तयार झालं, तर अर्थ आक्रमणाचा. 'ऑफेन्सिव्ह जोक'ला ही युक्ती लागू पडत नाही, कारण तिथला विरुद्धार्थी शब्द 'इनऑफेन्सिव्ह' आहे. शंका राहिली तर कोणताही चांगला शब्दकोश उघडा, दोन्ही अर्थ वेगळे क्रमांक देऊन छापलेले दिसतील.

स्पेलिंगमध्येही मुलांचे गुण जातात. 'ऑफेन्स' ब्रिटिश पद्धतीत सीनं लिहितात, अमेरिकन पद्धतीत एसनं. 'ऑफेन्सिव्ह' मात्र दोन्हीकडे एसनंच.