फोन टॅपिंग (भारत)

दोन व्यक्तींमधील दूरध्वनी-संभाषण किंवा संदेश त्यांच्या नकळत ऐकणे, वाचणे अथवा नोंदवून ठेवणे याला फोन टॅपिंग म्हणतात. सरकारने केलेले टॅपिंग भारतात सरसकट बेकायदा नाही आणि सरसकट मोकळेही नाही. राज्याची सुरक्षितता आणि नागरिकाचे खासगीपण यांच्यातील तोल तत्त्व म्हणून न्यायालयांनी बराचसा घालून दिलेला आहे; व्यवहारात मात्र तो एका सहीवर येऊन ठरतो आणि ती सही न्यायाधीशाची नसून गृहसचिवाची असते.

या अधिकाराचे मूळ १८८५ च्या भारतीय तार अधिनियमात आहे. त्याच्या कलम ५(२) नुसार ‘सार्वजनिक आणीबाणी’ उद्भवली असेल किंवा ‘सार्वजनिक सुरक्षितते’साठी आवश्यक असेल, तरच संदेश अडवता किंवा ऐकता येत असे. त्याखेरीज देशाचे सार्वभौमत्व व अखंडता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था किंवा गुन्ह्यास चिथावणी रोखणे, यांपैकी एखादे कारणही लेखी नोंदवावे लागे. केवळ गुन्ह्याचा तपास सोपा व्हावा, हे कारण या यादीत कधीच नव्हते. २०२३ च्या दूरसंचार अधिनियमाने जुन्या कायद्याची जागा घेतली, तरी कलम २०(२) मध्ये हीच चौकट जवळपास जशीच्या तशी उतरली आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात न्यायालयांची भूमिका सुरुवातीस सावध होती. ‘आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा १९७२ चा निकाल मुंबईच्या कोरोनरवरील (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी) लाचेच्या आरोपातून आला. ज्यांच्याकडे लाच मागितली गेली त्या डॉक्टरांच्या संमतीने पोलिसांनी त्यांच्या फोनला टेपरेकॉर्डर जोडला होता. सर्वोच्च न्यायालयाने हा पुरावा ग्राह्य मानला आणि निरपराध नागरिकाच्या संभाषणाला न्यायालये संरक्षण देतील, गुन्हेगाराच्या नव्हे, अशा आशयाचे मत नोंदवले. ‘कर नाही त्याला डर कशाला’ या नेहमीच्या युक्तिवादाचेच हे कायदेशीर रूप म्हणता येईल. मात्र फोन ऐकला जातो तेव्हा कोण दोषी आणि कोण निर्दोष हे ठरलेलेच नसते, ही अडचण त्यात सुटत नाही.

राजकीय पुढाऱ्यांच्या फोनवरील पाळतीने हा विषय चव्हाट्यावर आणला. १९८८ मध्ये कर्नाटकचे मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांना याच प्रकरणावरून राजीनामा द्यावा लागला. पुढे राजकारण्यांचे फोन टॅप झाल्याबाबतचा केंद्रीय अन्वेषण विभागाचा अहवाल १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि ‘पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज’ ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. १८ डिसेंबर १९९६ च्या निकालात न्यायमूर्ती कुलदीप सिंग आणि सगीर अहमद यांच्या खंडपीठाने घरात किंवा कार्यालयात फोनवर निर्वेधपणे बोलता येणे हा खासगीपणाचा भाग असल्याचे मान्य केले. आदेश फक्त केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवाने काढावा, तो दोन महिन्यांपुरता असावा, मुदतवाढ धरून सहा महिन्यांपलीकडे जाऊ नये आणि आढावा समितीने त्याची छाननी करावी, असे दंडक घालून देण्यात आले. न्यायालयाची पूर्वपरवानगी सक्तीची करावी, ही मागणी मात्र कायद्यात तशी तरतूद नसल्याचे सांगून फेटाळली गेली. आजच्या व्यवस्थेतील सर्वांत मोठी उणीव त्या एका नकारात आहे.

या दंडकांना तार नियमांतील ४१९-अ या नियमाने २००७ मध्ये सविस्तर रूप दिले. राज्यातील आढावा समितीचे अध्यक्ष मुख्य सचिव असतात आणि सदस्यही सचिवच असतात. केंद्रात अध्यक्षपद मंत्रिमंडळ सचिवांकडे असते. म्हणजे अर्ज करणारे, मंजुरी देणारे आणि मंजुरी तपासणारे असे सगळेच शासनाच्या एकाच शाखेतले. माहितीच्या अधिकारात मिळालेल्या उत्तरानुसार एकट्या केंद्र सरकारचे असे आदेश महिन्याला ७,५०० ते ९,००० निघत होते. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ च्या अहवालात याच आकड्यांवर बोट ठेवले: दोन महिन्यांतून एकदा बसणाऱ्या समितीपुढे प्रत्येक बैठकीत १५,००० ते १८,००० आदेश येतात. दिवसभर बसूनही एका आदेशाला दोन-चार सेकंदांपेक्षा अधिक वेळ मिळणे शक्य नाही, आणि समितीच्या सदस्यांना इतरही कामे असतात.

दूरध्वनी कंपन्यांकडील कडीही कच्ची ठरली आहे. राजकीय नेते अमर सिंग यांच्या फोन टॅपिंगच्या प्रकरणात बनावट पत्रावर विसंबून एका खासगी कंपनीने संभाषणे उपलब्ध करून दिली होती. २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्या पत्रातील ढोबळ चुकांकडे लक्ष वेधले आणि असा कागद पाहून कंपनीला संशय यायला हवा होता, असे सुनावले. असे आदेश स्वीकारण्यासाठी नेमलेल्या कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याने आलेल्या आदेशांची यादी दर पंधरा दिवसांनी तपासयंत्रणेकडे पाठवून खातरजमा करून घ्यावी, अशी तरतूद नियमांत आहे. म्हणजे खोटा आदेश उघडकीस येण्याआधी दोन आठवडे जाऊ शकतात.

महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा, १९९९ चा ‘मोक्का’, संघटित गुन्हेगारीच्या तपासासाठी टॅपिंगला परवानगी देतो. मुंबई उच्च न्यायालयाने त्यातील या तरतुदी राज्याच्या अधिकारकक्षेबाहेरच्या ठरवल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये त्या वैध ठरवल्या. या कायद्याकडे बहुधा कठोर कायदा म्हणूनच पाहिले जाते, पण टॅपिंगबाबत तो केंद्रीय कायद्यापेक्षा अधिक उघडा आहे. आदेशाची प्रत खटल्याच्या किमान दहा दिवस आधी आरोपीला द्यावी लागते आणि टॅपिंगचा वार्षिक अहवाल विधिमंडळापुढे ठेवावा लागतो.

‘पुट्टस्वामी’ खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. त्याला कात्री लावायची तर कायद्याचा आधार, वैध हेतू आणि हेतूच्या प्रमाणातच उपाय, या कसोट्या लागू झाल्या. त्यांचा पहिला ठसठशीत परिणाम मुंबईत दिसला. लाचखोरीचा आरोप असलेल्या एका व्यावसायिकाच्या फोन टॅपिंगचे तीन आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २२ ऑक्टोबर २०१९ रोजी रद्द केले आणि ध्वनिमुद्रणे नष्ट करण्यास सांगितले, कारण त्या प्रकरणात ना सार्वजनिक आणीबाणी होती ना सार्वजनिक सुरक्षिततेला धोका. भ्रष्टाचार म्हणजे सार्वजनिक सुरक्षिततेलाच धोका, असे मानावे काय, यावर न्यायालयांत अद्याप एकमत नाही. जून २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मोठ्या भ्रष्टाचाराच्या प्रकरणात टॅपिंग योग्य ठरवले, तर पुढच्याच महिन्यात मद्रास उच्च न्यायालयाने लाचेच्या प्रकरणातील आदेश रद्दबातल केला.

६ डिसेंबर २०२४ रोजी अधिसूचित झालेल्या नव्या नियमांनी ४१९-अ ची जागा घेतली. तातडीच्या प्रसंगी अधिकृत यंत्रणेच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने दिलेला आदेश सात कामकाजी दिवसांत कायम झाला नाही, तर जमवलेली माहिती पुरावा म्हणून वापरता येणार नाही, हा त्यातील लक्षणीय भाग होय. आढावा समितीची रचना सचिवांचीच राहिली. ज्याचा फोन ऐकला गेला त्याला, पाळत संपल्यानंतरसुद्धा, तसे कळवण्याचे बंधन या नियमांत नाही. त्यामुळे आदेशाला आव्हान देण्याची संधी बहुतेकदा खटला उभा राहून ध्वनिमुद्रण आरोपपत्रासोबत समोर आल्यावरच मिळते.