जाहिरात निघण्याआधीचा इतिहास

सहायक प्राध्यापकांची जाहिरात आली की पहिली नजर जाते पात्रतेच्या रकान्याकडे. पदव्युत्तरला ५५ टक्के, सोबत नेट किंवा सेट, म्हणजे अध्यापनासाठीची देशपातळीवरची किंवा राज्याची पात्रता परीक्षा. ही अट जणू पहिल्यापासूनच होती असं आज वाटतं. तसं नाही.

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झालं तेव्हा तिथे शिकवण्याची सोयच नव्हती. नमुना लंडन विद्यापीठाचा: कॉलेजांनी शिकवायचं, विद्यापीठानं परीक्षा घेऊन पदवी द्यायची. स्वतःचे प्राध्यापक नेमण्याची मुभा १९०४ च्या कायद्यानं मिळाली. १९१९ मध्ये मुंबईत समाजशास्त्राचा विभाग पॅट्रिक गेडिस यांच्या हाती आला आणि १९२४ पासून समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी तो अनेक वर्षं सांभाळला. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे घुर्यांच्याच विद्यार्थिनी. पुढे १९३९ मध्ये, बंद पडलेलं पुण्याचं डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडलं आणि कर्वे व पुरातत्त्वज्ञ सांकलिया तिथे रुजू झाले. एका संस्थेनं मोजक्या जागा काढल्या आणि त्यांतून महाराष्ट्राच्या प्रागितिहासाचा अभ्यास उभा राहिला. जागा भरण्याचं मोल मला इथे सर्वांत स्पष्ट दिसतं.

नेट त्यानंतर कितीतरी वर्षांनी आली. केंद्राच्या १९८८ च्या अधिसूचनेनंतर यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, पहिली परीक्षा घेतली ती डिसेंबर १९८९ आणि मार्च १९९० अशा दोन टप्प्यांत. १९९१ च्या नियमांनी ती नेमणुकीची अट झाली. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी सेट पुणे विद्यापीठ घेतं. संशोधनाचा रस्ता जेआरएफचा, म्हणजे नेटमधून मिळणाऱ्या संशोधन शिष्यवृत्तीचा. २०२३ पासून तिची रक्कम महिना ३७,००० रुपये आहे. ज्यांना ती मिळते त्यांना निदान पोटाची चिंता न करता ग्रंथालयात बसता येतं.

पात्रतेचे नियम मात्र उमेदवाराच्या पायाखालून सरकत राहिले. २०१८ मध्ये ठरलं, विद्यापीठ विभागांत २०२१ पासून पीएच.डी. सक्तीची. ती मुदत २०२३ पर्यंत लांबली आणि २०२३ मध्ये अटच गेली. तोवर या अटीपायी किती जणांनी घाईघाईनं पीएच.डी.चे विषय नोंदवले असतील!

आणि जागा? राज्यात भरती वर्षानुवर्षं थांबलेली. २०१८ मध्ये ३,५८० पदांना मंजुरी मिळाली, ती भरून होण्याआधीच कोरोनाची बंदी आली. उरलेल्या २,०८८ पदांसाठी २०२१ ची वाट पाहावी लागली. दरम्यान वर्ग चालले ते तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर: जितके तास शिकवाल तितकेच पैसे. यूजीसीनं २०१९ मध्ये अतिथी अध्यापकांसाठी तासाला १,५०० आणि महिन्याला कमाल ५०,००० रुपये सांगितले. सीएचबीवर शिकवताना कागदावरचा हा दर माझ्या बिलात कधी उतरला नाही.

महिनाअखेरीचं ते बिल अजून डोळ्यांसमोर आहे. तारीख, वर्ग, विषय, वेळ, शेवटी विभागप्रमुखांची सही. दिवाळीच्या सुट्टीत ते कोरं, उन्हाळ्यात तर बिलच नाही. पेपर तपासणी, प्रवेशाची गडबड, नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फायली, मुलांचे प्रकल्प यांना त्यात रकानाच नव्हता. जूनमध्ये पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, त्याच प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स आणि त्यावर पुन्हा तीच स्वसाक्षांकित सही.