रुपयाला तीनशे डाँग, म्हणून व्हिएतनाम स्वस्त?

‘एका रुपयाला तीनशे डाँग, म्हणजे व्हिएतनाममध्ये आपण राजे!’ हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा हिशोब वर्षानुवर्षं फिरतोय आणि तो साफ चुकीचा आहे. नोटेवर शून्यं किती यावरून स्वस्ताई ठरत नाही, त्या नोटेत काय येतं यावरून ठरते. रुपयाला एकापेक्षा जास्त येन मिळतात, म्हणून जपानला कुणी स्वस्त म्हणतं का?

हनोईत फुटपाथवरच्या बुटक्या प्लास्टिक स्टुलावर बसून फोचा (नूडल्सच्या सूपचा) वाडगा घेतलात, तर साधारण ४० ते ६० हजार डाँग लागतात. म्हणजे दीडशे-दोनशे रुपये, आपल्याकडच्या साध्या थाळीइतकेच.

खरी बचत विमानाचं तिकीट वेळेत काढण्यात आणि रात्रीच्या रेल्वेने किंवा स्लीपर बसने जाऊन हॉटेलची एक रात्र वाचवण्यात आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होई आन या मध्य व्हिएतनाममधल्या जुन्या शहरात स्वस्तात खोली मिळाली तरी भुलू नका, तेव्हा तिथे पूर येतात.

एक कळकळीची विनंती: २० हजारांची आणि ५ लाखांची, दोन्ही नोटा निळ्या असतात. रात्री टॅक्सीत घाईघाईत एकीऐवजी दुसरी गेली, तर पंचवीसपट पैसे गेले. पाकिटात त्या वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवा.