गांजा: औषध आधी, बंदी मग, शास्त्र शेवटी

पाश्चात्त्य वैद्यकात गांजा शिरला तो कलकत्त्यामार्गे. तिथल्या मेडिकल कॉलेजातले आयरिश प्राध्यापक विल्यम ओ'शॉनेसी यांनी वैद्य-हकीम गांजा कशाकशावर देतात याची चौकशी केली. मग त्याचा अर्क आधी प्राण्यांना, नंतर रुग्णांना देऊन पाहिला आणि १८३९ मध्ये निष्कर्ष मांडले. धनुर्वातात आणि लहान मुलांच्या झटक्यांत त्याने आराम पडतो, असं त्यांना दिसलं. पिसाळलेलं कुत्रं चावलेला रुग्ण दगावला, पण त्याचे हाल कमी झाले, हेही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवलं. पुढे हा अर्क युरोप-अमेरिकेतल्या औषधांच्या दुकानांत राजरोस मिळू लागला.

तो मागे पडला याचं सगळं खापर कायद्यावर फोडलं जातं. ते अर्धसत्य आहे. खरी अडचण मात्रेची होती. एका बाटलीने काहीच होत नसे, तर दुसरीतल्या तेवढ्याच थेंबांनी रुग्ण भांबावून जाई. आत नेमकं काय आणि किती आहे, हे मोजायची सोयच नव्हती. शिवाय अर्क पाण्यात विरघळत नसल्याने टोचताही येत नसे. तेवढ्यात मॉर्फिनची सुई आली, पाठोपाठ अ‍ॅस्पिरिन आलं. डॉक्टरांनी हाताशी सोयीचं होतं ते उचललं.

बंदी आली ती या पडत्या काळात. ब्रिटिशांनी भारतात नेमलेल्या आयोगाने १८९३-९४ मध्ये हजाराहून अधिक साक्षी नोंदवून, माफक सेवनाने फारसं नुकसान नाही, सरसकट बंदी नको, असा कौल दिला होता. तो कोणी मनावर घेतला नाही. १९२५ च्या जिनिव्हा कराराने गांजा आंतरराष्ट्रीय नियंत्रणाखाली आला. १९३७ मध्ये अमेरिकेने कर आणि कागदपत्रांचा असा काच लावला की डॉक्टरांनी त्याचा नादच सोडला. १९६१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराने तर त्याला चौथ्या, म्हणजे सर्वांत कडक सूचीत, हेरॉइनच्या पंगतीला बसवलं. नुसती पानं तेवढी व्याख्येबाहेर राहिली. भारताच्या १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यात भांगेला वाट मिळते ती त्यामुळेच.

आणि १९६१ च्या करारानंतर तीनच वर्षांनी, १९६४ मध्ये, इस्रायलचे राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी नशा आणणारा घटक, टीएचसी, वेगळा काढून त्याची रचना दाखवली. आता मात्रा मिलिग्रॅममध्ये ठरवता येणार होती, पण तोवर संशोधनालाच परवान्यांचे अडथळे झाले होते. केमोथेरपीतल्या उलट्यांवर कृत्रिम टीएचसीला अमेरिकेत मान्यता मिळायला १९८५ उजाडलं. १९९६ मध्ये, एड्सच्या रुग्णांनी लावून धरल्यावर, कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी वैद्यकीय गांजाला मुभा दिली. २०१८ मध्ये गांजातलाच नशा न आणणारा घटक, सीबीडी, दोन दुर्मीळ अपस्मारांवरचं औषध म्हणून मंजूर झालं. तिथे पुरावा भक्कम आहे. निद्रानाशापासून नैराश्यापर्यंतच्या बाकी दाव्यांत जाहिरातच जास्त.

डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने २७ विरुद्ध २५ मतांनी गांजा चौथ्या सूचीतून काढला. भारताचं मत बाजूने पडलं. पहिल्या सूचीत मात्र तो अजून आहे, अफूच्या शेजारी. म्हणजे औषध आणि संशोधनापुरती मोकळीक, आणि ती द्यायची की नाही हे ज्या त्या देशाने ठरवायचं.