रुवेंझोरी पदभ्रमण

रुवेंझोरी पदभ्रमण : मध्य आफ्रिकेतील रुवेंझोरी पर्वतरांगेत वाटाडे व भारवाहक सोबत घेऊन केली जाणारी सात ते नऊ दिवसांची डोंगरयात्रा. युगांडा आणि काँगो लोकशाही प्रजासत्ताक यांच्या सीमेवर, विषुववृत्ताच्या किंचित उत्तरेस ही रांग असून तिची लांबी सु. १२० किमी. आहे. स्टॅन्ली पर्वतावरील मार्गारिटा (५,१०९ मी.) हे तिचे सर्वोच्च शिखर, उंचीत किलिमांजारो आणि माउंट केन्या यांच्या खालोखाल आफ्रिकेत त्याचाच क्रम लागतो. पदभ्रमणाचा जुना व मुख्य मार्ग ‘मध्य परिक्रमा’ या नावाने ओळखला जातो व तो युगांडाच्या बाजूने जातो. परिक्रमा म्हणजे येथे निघाल्या जागी परत आणणारी वाट इतकेच. तिला धार्मिक अर्थ नाही.

नाव : पायथ्याच्या टोरो प्रदेशातील भाषेत पावसाला ‘एंजुरा’ म्हणतात. त्यावरून ‘पाऊस पाडणारा’ असा रुवेंझोरीचा अर्थ लावला जातो व शोधप्रवासी हेन्री मॉर्टन स्टॅन्ली याच्या लेखनामुळे तोच रूढ झाला. डोंगरउतारांवर राहणारे कोंझो लोक मात्र या रांगेस ‘र्वेंझुरुरु’, म्हणजे हिमाचे ठिकाण, म्हणतात. शिकारीच्या निमित्ताने वरच्या दऱ्यांत जाणे-येणे कोंझोंचेच होते, हे लक्षात घेता दुसरी व्युत्पत्ती अधिक स्वाभाविक वाटते. दोन्ही शब्द स्वतंत्र असून परकीय कानांनी ते एक केले, असेही शक्य आहे.

चंद्रपर्वताचा प्रश्न : या रांगेस सर्रास ‘चंद्रपर्वत’ म्हटले जाते. हे समीकरण दिसते तितके जुने नाही. इ. स. दुसऱ्या शतकातील टॉलेमीच्या भूगोलात दोन वेगवेगळी विधाने आहेत व त्यांची बहुधा गल्लत केली जाते. पहिले विधान त्याने टायरचा मरीनस या आधीच्या भूगोलकाराकडून घेतले आहे. डायोजिनीझ नावाचा दर्यावर्दी हिंदुस्थानातून परतत असता आफ्रिकेच्या शिंगाजवळ उत्तरेकडील वाऱ्यात सापडला आणि पंचवीस दिवसांनी नाईल ज्यांतून निघते त्या सरोवरांच्या परिसरात, ऱ्हाप्टा या पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील प्राचीन व्यापारी ठिकाणाच्या किंचित उत्तरेस पोहोचला, असे त्यात म्हटले आहे. हे पंचवीस दिवस समुद्रावरचे आहेत. तरीही ‘डायोजिनीझ किनाऱ्यावरून पंचवीस दिवस आत चालत गेला व त्याने हिमाच्छादित पर्वत पाहिले’ ही कथा पुस्तकापुस्तकांतून उतरवली गेली आहे. मुळात तिला आधार नाही. पर्वत येतो तो दुसऱ्या विधानात. त्याचे हिम वितळून नाईलची सरोवरे भरतात असे तेथे सांगितले असून शब्द एकवचनी, ‘चंद्राचा पर्वत’ असा आहे. त्याचे स्थान दिले आहे सु. साडेबारा अंश दक्षिण अक्षांशावर. टॉलेमीचे या किनाऱ्यावरील अक्षांश फारसे विश्वसनीय नाहीत हे मान्य करूनही रुवेंझोरीपासून हे अंतर मोठे आहे.

हा उतारा टॉलेमीचा नसून नंतर कोणीतरी ग्रंथात घातला असावा, असेही काही अभ्यासकांचे मत आहे. नवव्या शतकातील अल्-ख्वारिझ्मीपासून अरब भूगोलकारांकडे ‘जबल अल्-कमर’ (जबल म्हणजे पर्वत) नियमित येतो. मात्र त्यातील दुसऱ्या शब्दाचा उच्चार ‘कमर’ (चंद्र) की ‘कुम्र’ याविषयी खुद्द अरब लेखकांतच एकवाक्यता नव्हती. पर्वताची जागा ठरवण्याच्या प्रयत्नांत जी. डब्ल्यू. बी. हंटिंगफर्ड याने १९४० मध्ये किलिमांजारोचा पक्ष मांडला, तर ओ. जी. एस. क्रॉफर्ड याने इथिओपियाच्या पठाराकडे बोट दाखवले. किनाऱ्यावरील व्यापाऱ्यांच्या कानावर येण्याजोगे हिमशिखर म्हणून किलिमांजारोचा दावा नजरेआड करता येत नाही. नाईलला हिमाचे पाणी खरोखर पुरवणारे म्हणून रुवेंझोरीचा दावा सरस ठरतो. एकाच ऐकीव माहितीत दोन्हींची भर पडली असावी, ही भूमिका अधिक सुरक्षित होय.

या वादाचा एक धागा हिंदुस्थानातून जातो. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या शोधपत्रिकेत १७९२ मध्ये फ्रान्सिस विल्फर्ड याने पुराणांच्या आधारे नाईलच्या उगमाचे वर्णन केले व तेथे ‘चंद्रीस्थान’ असल्याचे लिहिले. पुढे १८६० च्या सुमारास नाईलच्या शोधात निघालेल्या जॉन हॅनिंग स्पीक याला झांझिबार येथील ब्रिटिश अधिकारी कर्नल रिग्बी याने हाच निबंध नकाशासह दिला आणि स्पीकने त्याचा आपल्या प्रवासवृत्तात गौरवाने उल्लेख केला. वस्तुतः आपल्या पंडिताने हस्तलिखितांतील शब्द बदलून आपली फसवणूक केली, अशी कबुली विल्फर्डने स्वतः १८०५ मध्येच देऊन ठेवली होती. ‘पुराणांत नाईलचा उगम आहे’ हे विधान अजूनही अधूनमधून वाचनात येते, त्याचे मूळ बहुधा येथेच असावे. स्पीकने स्वतः चंद्रपर्वत टांगानिका सरोवराच्या उत्तर टोकाशी चंद्रकोरीसारखा काढला. रुवेंझोरी त्याने पाहिलीच नाही.

ती पाहणे सोपेही नव्हते. वर्षाचे बहुतेक दिवस रांग ढगांत असते. सॅम्युएल बेकर १८६४ मध्ये अल्बर्ट सरोवरापर्यंत येऊन गेला, स्टॅन्लीने १८७६ मध्ये पायथ्याच्या प्रदेशात मुक्काम केला; हिम कोणालाच दिसले नाही. ते १८८८ च्या एप्रिलमध्ये स्टॅन्लीच्या मोहिमेतील जेफसन व पार्क यांना आणि मे महिन्यात खुद्द स्टॅन्लीला दिसले. रुवेंझोरी म्हणजेच चंद्रपर्वत हे समीकरण खऱ्या अर्थाने त्यानंतर दृढ झाले.

भूरचना : किलिमांजारो व माउंट केन्या ज्वालामुखीजन्य आहेत, रुवेंझोरी तशी नाही. पश्चिम खचदरीच्या निर्मितीत दोन्ही बाजूंच्या विभंगांमधला (भूकवचातील भेगांमधला) प्राचीन स्फटिकी खडकांचा ठोकळा वर उचलला गेला. स्टॅन्ली, स्पीक, बेकर, एमिन, गेसी आणि लुइजी दी साव्होया असे सहा मुख्य गिरिपिंड असून प्रत्येकास अनेक शिखरे आहेत. त्यांच्यामधल्या दऱ्या हिमनद्यांनी कोरलेल्या आहेत व दलदली आज त्या दऱ्यांच्याच तळाशी साचतात.

मार्गाचा इतिहास : आब्रुत्सीचा ड्यूक लुइजी आमेदेओ याच्या इटालियन मोहिमेने १८ जून १९०६ रोजी मार्गारिटा सर केले. शिखरास इटलीच्या राणीचे, तर शेजारच्या शिखरास इंग्लंडची राणी अलेक्झांड्रा हिचे नाव देण्यात आले. मुबुकू दरीच्या वरच्या अंगाला बुजोंगोलो येथे पुढे झुकलेल्या कातळाखाली त्यांचा मुख्य तळ होता. व्हित्तोरिओ सेल्ला या छायाचित्रकाराने त्या वेळी टिपलेली हिमनद्यांची छायाचित्रे पुढच्या अभ्यासकांना मोजमापाचा आधार ठरली. आजच्या परिक्रमेचा परतीचा भाग बुजोंगोलोवरूनच उतरतो. ड्यूकने ही वाट ‘शोधली’ असे लिहिण्याचा प्रघात असला, तरी सामान वाहणारे स्थानिक होते आणि खालच्या टप्प्यांत कोंझो शिकाऱ्यांच्या पायवाटा आधीपासून होत्या.

रांगेचा युगांडातील भाग १९९१ मध्ये राष्ट्रीय उद्यान (सु. १,००० चौ. किमी.) व १९९४ मध्ये जागतिक वारसास्थळ झाला. बंडखोरांच्या हालचालींमुळे १९९७ पासून २००१ पर्यंत उद्यान बंद होते. १९९९ ते २००४ या काळात त्याची नोंद संकटग्रस्त वारसास्थळांत होती. काँगोकडील उतार विरुंगा राष्ट्रीय उद्यानात मोडतात.

परिक्रमा : वाटाड्याशिवाय उद्यानात जाता येत नाही. सुरुवात न्याकालेंगिजा (सु. १,६०० मी.) या गावी होते. मुक्कामासाठी लाकडी झोपड्या असून त्यांच्या उंचीचे आकडे नकाशागणिक थोडे बदलतात. पहिला मुक्काम न्याबिटाबा (सु. २,६५० मी.). तेथून वाट मुबुकू व बुजुकू नद्यांच्या संगमाजवळ पुलावरून पलीकडे जाते आणि बांबूच्या पट्ट्यातून जॉन माटे झोपडीशी चढते. पुढे बिगोची दलदल लागते. गवताचे गुडघाभर उंच, घट्ट गठ्ठे काळ्या चिखलात बेटांसारखे उभे असतात आणि एका गठ्ठ्यावरून दुसऱ्यावर पाय टाकत जावे लागते. चुकलेला पाय मांडीपर्यंत आत जातो. काही ठिकाणी फळ्यांच्या वाटा घातल्या आहेत. गिर्यारोहणाचे भारी बूट येथे कुचकामी ठरतात. वाटाडे, भारवाहक व पाहुणे सगळेच शेतावरच्यासारखे गुडघ्यापर्यंतचे रबरी गमबूट वापरतात आणि चांगले बूट हिमासाठी पाठीवर ठेवतात. ‘कोरडा ऋतू’ (डिसेंबर ते फेब्रुवारी व जून ते ऑगस्ट) हा शब्दप्रयोग येथे तुलनेनेच घ्यायचा.

बुजुकू झोपडी (सु. ३,९६० मी.) सोडल्यावर स्टॅन्ली पर्वताकडे जाणारी वाट कातळावरील एलेना झोपडीशी (४,५४१ मी.) चढते. शिखराला निघणारे पहाटेपूर्वी अंधारात निघतात. दोर, बर्फकुऱ्हाड आणि बुटांना लावायचे काटे आवश्यक असतात. शिखराचा बेत नसेल तर स्कॉट एलियट खिंड (४,३७२ मी.) ओलांडून थेट किटांडारा सरोवरांपाशी उतरता येते. तेथून फ्रेशफील्ड खिंड (४,२८२ मी.), बुजोंगोलो, गाय योमन झोपडी व पुन्हा न्याबिटाबा असा परतीचा क्रम आहे. विरळ हवेचा त्रास होऊ लागल्यास उतरणे हाच उपाय. मात्र वाट चढउतारांची असल्याने आजारी माणसाला खाली नेण्यासाठी आधी एखादी खिंड चढावी लागू शकते.

वनस्पती : वर्षारण्य, बांबू, वृक्षरूप हीदर व त्यावर महाकाय लोबेलिया आणि महाकाय सेनेसिओ असे पट्टे एकावर एक आहेत. हीदरच्या खोडाफांद्यांना मनगटाएवढ्या जाडीचे शेवाळ लपेटलेले असते. सेनेसिओची वाळलेली पाने गळत नाहीत. खोडाभोवती चिकटून राहून रात्रीच्या गारठ्यापासून त्याचे रक्षण करतात. लोबेलियाच्या काही जातींत पानांच्या पेल्यात पाणी साठते. रात्री वरचा थर गोठतो, पण मधल्या कोंबाभोवतीचे पाणी गोठणबिंदूच्या खाली जात नाही. प्राण्यांत रॉक हायरॅक्स हा सशाएवढा सस्तन प्राणी, तीन शिंगांचा सरडा व रुवेंझोरी तुराको हा पक्षी उल्लेखनीय.

हिम : १९०६ मध्ये सहाही गिरिपिंडांवर हिमनद्या होत्या. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार त्यांचे क्षेत्र १९८७ मध्ये सु. २ चौ. किमी., तर २००३ मध्ये १ चौ. किमी.हून किंचित कमी होते. या घटीचे मुख्य कारण तापमानवाढ, असे त्या अभ्यासकांचे प्रतिपादन. हवेतील आर्द्रता व ढग कमी झाल्याचा वाटा मोठा, असे दुसऱ्या गटाचे म्हणणे. अलीकडील निरीक्षणे पहिल्या मताला अधिक अनुकूल दिसतात, तरी पर्वतावरील हवामाननोंदी तुटक असल्याने दुसरे मत पूर्णतः बाद झालेले नाही. उरलेले हिम मुख्यतः स्टॅन्ली पर्वतावर आहे. हिमाची कड मागे सरकल्याने शिखरमार्गावर उघडा, घसरडा खडक वाढला असून वाटाड्यांना दोर बांधण्याच्या जागा बदलाव्या लागतात.

कोंझो समाज : कोंझोंच्या श्रद्धेनुसार किटासाम्बा हा देव शिखरांवर राहतो. वाटाडे व भारवाहक प्रामुख्याने याच समाजातले. त्यांच्या र्वेंझुरुरु राज्यास युगांडा सरकारने २००९ मध्ये मान्यता दिली.

किलेम्बे मार्ग : दक्षिणेकडून, किलेम्बे या जुन्या तांब्याच्या खाणीच्या गावातून न्याम्वाम्बा दरीने चढणारा दुसरा मार्ग अलीकडे वापरात आला आहे. तो लांब असला तरी चढ टप्प्याटप्प्याने असल्यामुळे शरीराला उंचीची सवय होण्यास अधिक वेळ मिळतो. न्याम्वाम्बा नदीला मे २०१३ व मे २०२० मध्ये मोठे पूर येऊन किलेम्बे आणि खालच्या कासेसे भागाची बरीच हानी झाली.